देणाऱ्याच्या बांधावरची फांदी

आमच्या घरात मीठ सोडून सगळ्याचीच टंचाई होती. उरणकडच्या खाजणात दुसऱ्याच्या मालकीचं मिठागर आई-बाबा पिकवायचे. कुठे लग्नाला गेलं की बायका आधी आईच्या टाचांकडे बघायच्या, मग तोंडाकडे. खाऱ्या पाण्यात उभं राहून पडलेल्या भेगा साडी कितीही नवी असली तरी तिच्याखाली लपत नाहीत. प्यायचं पाणी रस्त्यावरच्या नळावरून डोक्यावर यायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. माझ्या दप्तराच्या बंदांवर कायम पांढरे डाग असायचे. वर्गात शिरले की पोरं ओरडायची, "मिठाची गोणी आली!" त्या ओरडणाऱ्यांतला एकही पुढे कॉलेजात दिसला नाही, हे इथेच सांगून टाकते.

मिठागराचं काम समजायला सोपं आहे, करायला नाही. भरतीचं पाणी बांध घातलेल्या मोठ्या कुंडीत घ्यायचं आणि उन्हात तापू द्यायचं. ते घट्ट झालं की उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, पुढच्या उथळ वाफ्यांत सोडायचं. तिथे मीठ धरतं. शेजाऱ्याला आपल्या कुंडीतलं पाणी कितपत तयार झालंय ते बघायचं असेल तर तो तांब्याभर घेऊन जाई. त्या तांब्याचं तो काही का करेना, आपल्या कुंडीला काही होत नसे. पण त्याला आपली उघाडी उघडायला परवानगी दिली, तर गोष्ट वेगळी. मग देणाऱ्याने आपल्याच बांधावर, उघाडीच्या डोक्याशी, खाडीकाठच्या तिवराच्या झाडाची सुकी फांदी रोवायची. घेणाऱ्याच्या बांधावर नव्हे. आपण काय करतोय हे घेणाऱ्याला माहीत असतंच; माहीत नसतं ते देणाऱ्याच्या घरातल्या माणसांना. फांदी दिसली की समजायचं, हे पाणी आता दुसऱ्याच्या हातात आहे, आपण ठेवलं तसं ते राहिलेलं नसणार. फांदी नसली तर डोळे मिटून आपलं काम करायचं.

मी शाळेत असताना एका हंगामाच्या शेवटी चुलतकाकांनी बाबांकडे पाणी मागितलं.

"उघाडी उघडू ना रं मंग? फांदी लावलीस काय?" काका म्हणाले.

"घरातल्या घरात कसली फांदी?" असं म्हणून बाबा बाजाराला गेले.

काकांनी आमचं तापलेलं घट्ट पाणी आपल्या वाफ्यांत ओढून घेतलं आणि आमची कुंडी रिकामी दिसू नये म्हणून खाडीचं पातळ पाणी आत घेऊन ती काठोकाठ भरून ठेवली. म्हणजे माणूस भला, नियतीतही खोट नाही. दुपारी आई आली. कुंडी भरलेली, फांदी नाही. तिने नेहमीसारखी पुढची उघाडी उघडली. ते पातळ पाणी वाफ्यांत गेलं आणि धरलेलं सगळं मीठ विरघळवून बसलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा वाफ्यांत नुसतं आभाळ दिसत होतं.

बांधावर माणसं जमली. जो तो आईलाच विचारत होता, "बघायला नको होतं का?"

"काय बघायचं?" आई म्हणाली.

"बोट बुडवून चव घ्यायची. कळलं असतं."

"माझ्याच कुंडीत मी रोज बोट बुडवू?"

बाबा मान खाली घालून उभे होते. फांदीचं नाव त्यांनी काढलं नाही, काकांनीही काढलं नाही. शेवटी भांडण मिटावं म्हणून आईच म्हणाली, "चुकलं माझं." झालं. पुढच्या वर्षी मालकाने मिठागर दुसऱ्याला दिलं. बाबा एका कंटेनर यार्डात पहाऱ्याला लागले, आई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. आणि आमच्या अख्ख्या भावकीत आजही गोष्ट सांगतात ती अशी, की हिच्या आईने न बघता उघाडी उघडली आणि मिठागर घालवलं.

मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. आमच्या घरात, आणि मला माहीत आहे तिथवर आमच्या सगळ्या भावकीत, पदवी घेणारी मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. लाजायचं त्यांनी, ज्यांना बापाने गाडीतून कॉलेजात सोडलं आणि तरीही जे नापास झाले.

नोकरी लागली ती नवी मुंबईतल्या एका कंपनीत. न्हावा शेव्याच्या आसपासच्या कंटेनर यार्डांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. इमारत काचेची, आतली माणसंही काचेचीच. जरा बोललं की तडा. त्यांच्यात सगळ्यात मोठे होते ते आमचे आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. यार्डाचे नियम लिहायला त्यांनी स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवली होती आणि आईबाप पहिल्या मुलाचं करतात तसं ते तिचं कौतुक करायचे. "क्लीन आहे," म्हणायचे. "वाचताना डोळ्यांत काही खुपत नाही." खुपत नव्हतं हे खरं. अहो, पण पायात मोडणारा काटाही आधी डोळ्यांत खुपत नाही.

ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फंक्शन म्हणजे एखादं ठरलेलं काम करून देणारा प्रोग्रामचा तुकडा. आपण त्याला नावाने हाक मारतो आणि कंसात एखादी वस्तू देतो. ही वस्तू दोन तऱ्हांनी देता येते. एक म्हणजे तिची नक्कल द्यायची. फंक्शन त्या नकलेचं काही का करेना, आपली मूळ वस्तू जागच्या जागी. हा झाला तांब्या. दुसरी तऱ्हा म्हणजे मूळ वस्तूच त्याच्या हाती द्यायची. त्याने ती बदलली की आपल्याकडेही बदलली. ही झाली उघडी उघाडी. दोन्ही तऱ्हा कामाच्या आहेत, दोन्हींवाचून चालत नाही. प्रश्न एवढाच की हाक मारणाऱ्याला आपण यातलं काय करतोय ते त्याच ओळीत दिसतं की नाही.

सरांच्या भाषेत दिसत नव्हतं. दोन्ही हाका अक्षरशः सारख्या. खूण होती, पण ती जिथे फंक्शन लिहिलेलं असे तिथे, म्हणजे त्याच्या डेफिनिशनमध्ये, दुसऱ्याच कुठल्या तरी फाइलमध्ये. म्हणजे फांदी घेणाऱ्याच्या बांधावर, आणि तो बांध पलीकडच्या गावात.

मला काम मिळालं ते गोठवलेल्या मालाच्या डब्यांना लेबल छापायचं. यार्डात कंटेनरला डबाच म्हणतात. कोळंबीचा डबा उणे अठरा सेल्सियसवर ठेवतात. परदेशी गिऱ्हाइकाला लेबलवर फॅरनहाइट हवं होतं. सरांनी आधीच लिहून ठेवलेलं तापमान बदलून देणारं एक फंक्शन होतं. मी त्याला हाक मारली, कंसात डब्याचं तापमान दिलं, आलेलं उत्तर लेबलवर छापलं. लेबल बरोबर आलं, पूर्णांकात शून्य फॅरनहाइट. मात्र त्या फंक्शनने मी दिलेलं मूळ तापमानही जाता जाता बदलून टाकलं. डब्याच्या नोंदीत उणे अठराच्या जागी शून्य येऊन बसलं, आणि यार्डातल्या लोकांना पडद्यावर दिसलं शून्य सेल्सियस. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही, कारण फळांचे डबे त्याच्या आसपासच असतात. त्यांनी पडद्यावर दिसलं ते तापमान लावलं.

कोळंबी पाठवणाऱ्याच्या माणसाने जहाजावर चढवण्याआधी एक डबा उघडून बघितला. आत गोठलेल्या लाद्या वाकत होत्या. तो डबा फेकावा लागला, बाकीचे वेळेवर सापडले. माझी आई ज्या मालाला बर्फात बोटं घालून सोलत बसायची तोच तो माल. सोललेली कोळंबी एकदा मऊ पडली की तिला कुत्रंही विचारत नाही, हे मला कुठल्या कॉलेजात शिकावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मॅनेजर मॅडम, सर, मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी, जो साक्षीला बोलावला होता आणि सगळा वेळ पाणी पीत होता.

"हे फंक्शन तापमान बदलतं असं डेफिनिशनमध्ये स्वच्छ लिहिलंय," सर म्हणाले. "तुम्ही बघायला नको होतं का?"

मी हसले. मला खरंच हसू आलं. बांध वेगळा, माणसं वेगळी, इंग्रजी फर्डं, आणि वाक्य तेच!

"हसण्यासारखं काय आहे यात?" मॅडम म्हणाल्या.

"काही नाही मॅडम. आमच्या घरी हे वाक्य खूप जुनं आहे."

मॅडमनी मुद्द्याचं सांगितलं. आमच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे यार्डवाल्यांना, लेखी हवं होतं की चूक कुणाची. मी अजून पक्की झाले नव्हते, चाचणीच्या मुदतीवर होते. मी निष्काळजीपणा केला असं मी लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण मिटेल. मला मग दुसऱ्या कुठल्या तरी कामावर टाकता येईल.

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर पक्कं करायचं की नाही ते आम्हाला बघावं लागेल."

बाहेर आल्यावर सहकारी म्हणाला, "लिही ना यार, सॉरी बोल और खतम कर. कौन याद रखता है?"

म्हटलं, "आमच्यात ठेवतात."

घरी आल्यावर आईला सांगितलं. प्रोग्रामचं तिला काही कळलं नाही आणि मी तिला कळवायच्या फंदातही पडले नाही. तिला एवढंच कळलं की पोरीकडून लिहून घेतायत. ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "लिवून देऊ नको. नोकरी गेली तर जाऊ दे. मी तवा चुकलं म्हणाले, आजपत्तूर त्येच चिकटून बसलंय. धुवून निघत न्हाय."

बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बाबांची ही सवय जुनी आहे.

मी लिहून दिलं नाही. त्याच माणसांची आणखी एक मीटिंग मागितली आणि त्या मीटिंगला फळ्यावर काही ओळी लिहून ठेवल्या. ओळी माझ्या मनाच्या नव्हत्या. आमच्याच चालू प्रोग्राममधून उचललेल्या हाका होत्या, आहेत तशा. वजन तपास, कंसात डबा. रांग शोध, कंसात डबा. गेटची वेळ काढ, कंसात ट्रेलर. अशाच सगळ्या. दिसायला एकीसारखी दुसरी, जुळ्या बहिणींसारख्या.

"सर," मी म्हटलं, "फक्त एवढं सांगा. यातल्या कुठल्या ओळीनंतर कंसातली वस्तू होती तशीच राहते?"

सर हसले. पोराने कोडं घातल्यावर मोठी माणसं हसतात तसं. उठले, मार्कर घेतला. पहिल्या ओळीवर म्हणाले, "ही बदलते." बरोबर होतं. दुसरीवर फुली मारून म्हणाले, "ही नाही. ही नुसती वाचते. हे फंक्शन मीच लिहिलंय."

मी लॅपटॉपवर ते फंक्शन उघडून दाखवलं. बदलत होतं.

सहकाऱ्याने ग्लास खाली ठेवला. मॅडमनी चष्मा काढला. सर पुढच्या ओळीपाशी गेले आणि त्यांनी मार्करला टोपण लावलं. मग म्हणाले, "असं सांगता येणार नाही. डेफिनिशन बघावं लागेल."

"प्रत्येक ओळीला?"

"अर्थात."

"म्हणजे सर, आपल्याच कुंडीत रोज बोट बुडवायचं."

"काय?"

मग मी त्यांना फांदीची गोष्ट सांगितली. आईचं नाव न घेता, नुसती पद्धत. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षाला दोनदा परदेशी परिषदांना जाणारा माणूस, आणि त्याला खाजणातली बाई बांधावरच्या काठीचा दाखला देते!

"म्हणजे आता कोडमध्ये झाडं लावायची?" ते म्हणाले.

"झाडं नको. एक शब्द पुरे. ज्या हाकेत मूळ वस्तू दुसऱ्याच्या हातात जाते, तिथे त्या वस्तूच्या आधी एक शब्द लिहायचा. तो नसेल तर भाषेने ती ओळ चालवूच नये. जगातल्या काही भाषांत हे आहे. मी काही चंद्रावरून आणलेलं नाही."

"भाषा घाण दिसेल. टायपिंग वाढेल."

"कोळंबी फेकायला जास्त मेहनत लागते सर."

यावर सहकाऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. सरांचं पुढचं म्हणणं असं की चांगल्या प्रोग्रामरला अशा खुणा लागत नाहीत, त्याला आठवतं. मी फळ्याकडे बघितलं. दुसऱ्या ओळीवर त्यांच्याच हाताची फुली होती.

मॅडम शहाण्या. त्यांना भाषेच्या सौंदर्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "जुन्या सगळ्या हाका कोण बदलणार?"

"मी," मी म्हटलं. "पण ते पत्र मी लिहून देणार नाही. गिऱ्हाइकाला कळवा की भाषेत खोट होती आणि ती काढतोय."

"भाषेत खोट?" सर म्हणाले. हा शब्द त्यांना कोळंबीपेक्षा जास्त लागला.

मॅडम त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "डिझाइनमध्ये सुधारणा, असं लिहू."

पावसाळाभर तेच काम केलं. भाषा वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये नियम घातला की खुणेशिवाय मूळ वस्तू देता येणार नाही. नियम घातल्याबरोबर जुना सगळा प्रोग्राम अडून बसला, आणि जिथे जिथे अडला तिथे जाऊन बघायचं होतं की इथे खरंच मूळ वस्तू द्यायची आहे की नक्कल पुरे. बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी ट्रेलरचा नंबर नुसता दाखवण्यासाठी दिला होता आणि फंक्शन त्यातली मोकळी जागा काढून तो बदलून ठेवत होतं, म्हणून तो कागदांवरच्या नंबराशी जुळत नसे. गेटवर ड्रायव्हर तासन्‌तास अडकून शिव्या का घालत होते याचं उत्तर तिथे सापडलं. ते ड्रायव्हर म्हणजे आमच्याच गावातली पोरं. त्यांना ऑफिसात "अनपढ लोग, पेपर बराबर नहीं रखते" म्हणायचे. पेपर बराबर होते. बराबर नव्हता तो आमचा प्रोग्राम, आणि तो अनपढ माणसांनी लिहिलेला नव्हता.

सर त्या काळात माझ्या टेबलापाशी यायचे, पडद्याकडे बघायचे आणि "हं" म्हणून जायचे. एकदा म्हणाले, "तुम्ही फारच मनावर घेतलंत."

"मिठागरातली माणसं आम्ही," मी म्हटलं. "अंगावर घ्यायची सवय असते, मनावर घ्यायला वेळ लागतो."

ऑफिसातल्या पोरांनी त्या खुणेला नाव पाडलं फांदी. "तेरी लाइन चल नहीं रही? फांदी डाल ना भाई!" असं आता हिंदीतसुद्धा म्हणतात, आणि म्हणणाऱ्याने जन्मात तिवर बघितलेलं नसतं. पुढे सरांनी कुठल्याशा परिषदेत भाषण दिलं, हाक मारणाऱ्याच्या ओळीत खूण असणं का गरजेचं आहे यावर. व्हिडिओ मी बघितला. फार छान बोलले. जे पटायला आधी एक डबा सडवावा लागतो, ते पटल्यावर माणसं फार छान बोलतात. माझं नाव त्यात नव्हतं. ते घेतील अशी आशा बाळगण्याइतकी भोळी मी नव्हते.

पक्कं झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी घरी पेढे नेले. काका बसले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "पोरी, मंग चूक कुनाची निघाली शेवटी?"

"फांदी न लावणाऱ्याची," मी म्हटलं.

काका चावायचे थांबले. बाबांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला, आणि या खेपेला आवाज कमी केला. आईने दोघांकडे एकदा बघितलं आणि पेढ्यांचा बॉक्स उचलून आत नेला. त्या दोघांना दुसरा पेढा मिळाला नाही.

आज आमच्या कंपनीच्या भाषेत खूण लावल्याशिवाय कुणालाही दुसऱ्याच्या हाती मूळ वस्तू देता येत नाही. माझी नोकरी पक्की आहे, आणि निष्काळजीपणा केला असं मी कुठेही लिहून दिलेलं नाही.